धागा: आमच्या गावच्या जुन्या टॉकीजचं संग्रहालय होऊ शकेल का? पावसाच्या आधी काहीतरी ठरवायचंय

सुरंगी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. सिंधुदुर्गात आमचं बंदराचं छोटं गाव आहे, गावाचं नाव मुद्दाम देत नाही कारण मालकांना अजून जाहीर चर्चा नकोय आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. गावात बाजारपेठेच्या टोकाला जुनी टॉकीज आहे, जांभ्याच्या जाड भिंती, चुन्यातलं बांधकाम, वर सागवानी कैच्या (छप्पर पेलणाऱ्या लाकडी चौकटी) आणि मंगळुरी कौलं, बाहेरून वर प्रोजेक्टरच्या केबिनला जाणारा लोखंडी जिना आणि भिंतीत पडद्याकडे बघणाऱ्या त्या लहान चौकोनी खिडक्या. पंचवीसेक वर्षं बंद आहे. मधे कोणी काजूच्या गोणी ठेवायचं, आता तेही नाही.

मालक तिघे भाऊ, दोघे मुंबईला, एक गावात. जागेला गिऱ्हाईक आलंय, खाली गाळे वर फ्लॅट असं काहीतरी. गावातल्या भावाचा जीव आहे त्या वास्तूत, त्यांनीच मला सांगितलं की बाकीचे दोघे मे महिन्यात येणार आहेत, त्याआधी तुम्ही काही ठोस घेऊन या, नाहीतर मी एकटा किती थांबवू.

मागच्या रविवारी त्यांनी कुलूप उघडून दिलं. आत गेले आणि खरं सांगते, दहा मिनिटं मला काही बोलताच आलं नाही. केबिनमध्ये दोन्ही प्रोजेक्टर जागेवर आहेत. पोटमाळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत काचेच्या स्लाइड सापडल्या, हाताने रंगवलेल्या, मध्यंतरात दाखवायच्या त्या, गावातल्या शिंप्याची, सोड्याच्या दुकानाची, एका वैद्यांची जाहिरात, शिवाय 'कृपया पंखे बंद करू नयेत' अशीही एक. तिकिटांची पुस्तकं, करमणूक कराचे शिक्के, रोजच्या गल्ल्याचे डीसीआर रजिस्टर आणि चार-पाच गंजलेले डबे ज्यात फिल्म आहे. एका कोपऱ्यात कौलं फुटलीत आणि तिथून गेल्या पावसात पाणी आत आलंय, त्या भिंतीवर हिरवं शेवाळ आहे.

याच हिवाळ्यात मी कोल्हापूर आणि पुणे केलं होतं. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीची जागा बघितली. प्रभात १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली, 'अयोध्येचा राजा' १९३२ ला तिथेच केला आणि १९३३ ला कंपनी पुण्याला आली. तिच्या संस्थापकांपैकी विष्णुपंत दामले आपल्या पेणचे. म्हणजे आपल्याकडे स्टुडिओ झाले नाहीत पण माणसं इथून गेली, आणि त्यांनी बनवलेलं जे काही होतं ते डब्यात बसून परत आपल्याच टॉकीजमध्ये आलं. स्टुडिओ जपायच्या गोष्टी सगळे करतात, पण सिनेमा जिथे बघितला गेला ती जागा पण तितकीच महत्त्वाची नाही का? मला वाटतं आहे. मदत करा, कुठून सुरुवात करू, काय करू नको, काहीही सांगा.

पंचगंगा_काठी
सुरंगी, वाचून अंगावर काटा आला. मी कोल्हापूरची, सासर देवगड. आमच्याकडे जयप्रभा स्टुडिओचं काय झालं ते तुला माहीत असेलच, तरी लिहिते कारण तुला उपयोगी आहे. भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ, १९४८ ला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जळला, भालजींनी कर्ज काढून परत उभा केला, पुढे १९५९ ला लता मंगेशकरांनी घेतला. मग हेरिटेज यादीत नाव घालण्यावरून कोर्टकचेरी, आणि २०२२ ला जागा विकली गेल्याचं कळल्यावर लोक रस्त्यावर आले, उपोषणं झाली. मी पण दोन दिवस जाऊन बसले होते. पण तेव्हाही मनात हेच होतं की आपण जागे झालो ते व्यवहार झाल्यावर. वीस वर्षं आम्ही सगळे त्या गेटवरून रोज गेलो, कोणी आत जाऊन मालकांशी बोललं नाही, तुमच्या अडचणी काय, आम्ही काय करू शकतो असं विचारलं नाही. तू व्यवहाराच्या आधी बोलते आहेस, ही फार मोठी गोष्ट आहे, ती सोडू नकोस. आणि मालकांना खलनायक करू नका कोणी. तीन भावांचं घर आहे, त्यांच्याही मुलांची लग्नं आहेत.

प्रभातचं म्हणशील तर ती जागा टिकली कारण १९६० ला तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आली, प्रभातच्याच स्टुडिओत मुलं शूटिंग शिकली. वास्तूला काम मिळालं म्हणून ती राहिली.

केबिनवाल्याचा_नातू
माझे आजोबा याच (हो याच, वर्णनावरून लगेच ओळखली) टॉकीजमध्ये सोळा वर्षं ऑपरेटर होते. त्यांना धागा वाचून दाखवला. आधी काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मशिनीक गंज लागलो आसात, पण ती मरूक नाय. माका एकदा वर घेवन जावा." वय ८१ आहे, गुडघे दुखतात, पण म्हणतायत जिना चढेन.

त्यांनी सांगितलं ते जमेल तसं लिहितो. तो कार्बन आर्क प्रोजेक्टर आहे, त्यात बल्ब नाही, दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर आणून त्यांच्यात ठिणगी पेटवायची, मागच्या आरशातून तो उजेड फिल्मवर पडतो. कांड्या जळत जळत आखूड होतात म्हणून त्या सतत पुढे सरकवत ठेवायच्या, अंतर चुकलं की पडद्यावर पिवळट अंधार, आणि मग "लोका खुर्चेर उबी रवान बोंब मारीत". दोन मशीन कशासाठी तर एक हजार फुटाचं रीळ अकरा मिनिटं चालतं, मोठं दोन हजार फुटाचं बावीस, त्यामुळे एकावर रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायचं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर येतो, पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू, दुसऱ्या ठिपक्याला बदली. प्रेक्षकांना कधीच कळायचं नाही. आजोबा म्हणतात की सोळा वर्षांत त्यांनी एकही सिनेमा सलग बघितला नाही, ठिपके बघितले. आणि डबे यायचे एसटीच्या टपावरून, त्याच्याही आधी बोटीने, पावसाळ्यात बोटी बंद म्हणून आहे तेच रीळ परत लावायचं.

केबिनच्या भिंतीत लोखंडी झडपा आहेत ना त्या खिडक्यांवर? त्या आगीसाठी. आग लागली की झडप पडून केबिन बंद व्हावी, हॉलमध्ये आग जाऊ नये म्हणून. त्या काढू नका असं मुद्दाम लिहायला सांगितलंय.

सुरंगी
आजोबांना माझा नमस्कार सांग. झडपा आहेत, मला वाटलं ती नंतर बसवलेली काहीतरी आहेत. मी गाडी घेऊन येते त्यांना न्यायला, जिन्याला आपण चौघं धरू.

रीळ
मी पुण्यात, जुन्या फिल्मच्या कामाशी संबंध आहे म्हणून आधी सावधगिरीचं लिहितो. ते डबे कृपया जोर लावून उघडू नका आणि उन्हात ठेवू नका. १९५१ च्या आधीची फिल्म असेल तर ती नायट्रेटची असू शकते आणि नायट्रेट म्हणजे जवळजवळ दारूगोळाच, एकदा पेटली की तिच्यातूनच तिला ऑक्सिजन मिळतो, पाण्याखाली सुद्धा जळत राहते. पुण्यात २००३ ला प्रभातच्या जुन्या आवारातल्या व्हॉल्टला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मा गेल्या, त्यात प्रभातच्याही होत्या. आमच्या ओळखीतले त्या दिवसाबद्दल बोलताना आजही थांबतात.

तुमच्या टॉकीजमधले डबे नंतरच्या काळातले असतील तर बहुतेक अॅसिटेट असेल, तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, फिल्म आक्रसते, लाटा पडतात. दमटपणा आणि उष्णता ही दोन कारणं, आणि कोकणात दोन्ही भरपूर. एक डबा खराब झाला की त्याची वाफ शेजारच्यालाही बिघडवते म्हणून वास येणारे डबे वेगळे ठेवा. कोरड्या, थंडशा, हवा खेळती असलेल्या खोलीत, पॉलिथिनमध्ये गुंडाळून अजिबात नाही. डब्यावरची चिठ्ठी, नंबर, जे काही लिहिलंय त्याचे फोटो काढा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. आपल्याकडे मूकपटांच्या काळात हजाराच्या वर चित्रपट झाले आणि आज हाताशी उरलेत ते मूठभर. बाबूराव पेंटरांचा १९२० चा 'सैरंध्री' नाही. पहिला बोलपट 'आलम आरा' नाही. तुमच्या डब्यात जाहिरात किंवा न्यूजरील निघालं तरी ते महत्त्वाचं आहे, एखाद्या बंदराचं दृश्य असेल, कोणाला माहीत.

स्लाइडबद्दल: काचेवरचा रंग पाण्यात विरघळणारा असू शकतो. ओल्या फडक्याने पुसू नका. मऊ ब्रशने धूळ, बस.

सुरंगी
बापरे बरं झालं सांगितलंत, मी उद्या ओल्या फडक्याने पुसणारच होते.

चाकरमानी_परळ
मी थोडं वेगळं बोलतो, राग नको. माझं गाव राजापूर तालुक्यात. संग्रहालय उभं करायला उत्साह असतो, चालवायला पैसा लागतो. वीजबिल, राखणदार, झाडलोट, दर पावसाळ्यात कौलं चाळायची. गावोगावी स्मारकं बघतो, उद्घाटनाची कोनशिला चकचकीत आणि दाराला कुलूप, चावी कोणाकडे ते माहीत नाही. आर. के. स्टुडिओ बघा, १९४८ चा, चेंबूरला, २०१७ ला आग लागली, पोशाख आणि वस्तू गेल्या, २०१९ ला जागा विकली. एवढ्या मोठ्या घराण्याला परवडलं नाही तर आपल्या गावाला कसं परवडेल? तीन भावांना जागेचे पैसे कोण देणार? याचं उत्तर नसेल तर मे महिन्यात त्यांच्यासमोर भावनेवर बोलून उपयोग नाही, ते ऐकतील आणि सही करून मोकळे होतील.

वाशिष्ठी
चाकरमानी यांचा प्रश्न बरोबर आहे पण उत्तर आपल्याच कोकणात आहे. मी चिपळूणची. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासून आहे, लोकांनी चालवलेलं. २००५ च्या पुरात पुस्तकं गेली, परत उभं केलं. वाचनालयाने स्वतःचं वस्तुसंग्रहालय केलं, लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू आणून दिल्या. मग २२ जुलै २०२१ चा पूर. मी तेव्हा चिखलात उभी राहून पुस्तकं बाहेर काढत होते, पानं हातात लगदा होऊन येत होती, रडू येत होतं पण शेजारी कॉलेजची पोरं होती ती थांबत नव्हती म्हणून मी पण थांबले नाही. आज ते परत उघडं आहे. कारण तिथे रोज माणसं येतात, पेपर वाचायला, पुस्तक बदलायला. संग्रहालय वेगळं ठेवलंत तर वर्षातून दोनदा कोणी येईल. तिथे गावाचं वाचनालय हलवा, दशावताराची तालीम होऊ द्या, शाळेचं गॅदरिंग होऊ द्या, महिन्यातून एक सिनेमा लावा, आणि केबिन, स्लाइड, रजिस्टर हे संग्रहालय. हॉल भाड्याने गेला तर वीजबिल सुटतं.

आणि आमचा अनुभव म्हणून सांगते, वस्तू जमिनीपासून उंच ठेवा आणि प्रत्येक कागदाचा स्कॅन दुसऱ्या गावात ठेवा.

जांभा
वास्तुविशारद आहे, कोकणातल्या जुन्या घरांचंच काम करतो. बाकी सगळं नंतर, आधी छप्पर. तुम्ही मे महिन्यात बैठक घ्याल, जून उजाडेल, आणि आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो कोपरा तसाच राहिला तर कैचीचं टोक भिंतीत जिथे बसतं तिथे सागवान कुजेल, आणि कैची एकदा खचली की मग पाडणं हाच उपाय आहे असं कोणीही इंजिनियर लिहून देईल. हे मी तीन ठिकाणी बघितलंय. म्हणून मालकांचा निर्णय काहीही होवो, आत्ता तेवढ्या भागाची कौलं बदलून घ्या. जुनी मंगळुरी कौलं पाडलेल्या घरांतून मिळतात, त्याच छापाची बघा म्हणजे खाचेत बसतील. निसर्ग वादळ, ३ जून २०२०, आणि पुढच्या वर्षी मे मध्ये तौक्ते, दोन्ही वेळी ज्यांची कौलं कडेच्या ओळींना तारेने बांधलेली होती त्यांची कमी उडाली. कौलांखालच्या लाकडी रिपांना बांधून घ्या.

भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. जांभा पाणी पितो आणि वाळतो, चुन्यातून त्याची वाफ बाहेर पडते. सिमेंट आणि वर ऑइलपेंट मारलात की ओल आतच कोंडते, खारी हवा आहेच, चार वर्षांत दगड आतून भुगा होतो आणि बाहेरून भिंत छान दिसत राहते. चुना मळणारे गवंडी कमी राहिलेत पण आहेत. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, दगडासकट येतो, कापून बुंध्यावर उपाय करावा लागतो. वाळवी बघा, विशेषतः पडद्यामागच्या लाकडी चौकटीत. आणि जमिनीवर चकचकीत टाइल्स नकोत, हे हात जोडून सांगतो.

मी एक दिवस येऊन मापं घेऊन नकाशे काढून देतो. फी नको. वास्तू नाहीच वाचली तरी तिची मापं तरी राहतील.

सातबारा
कागदाचं बोलतो. विकत घेणं जमणार नाही हे धरून चला. मालकी भावांचीच राहू द्या आणि दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मागा, २९-३० वर्षांचा. एक वर्षाच्या वर असेल तर नोंदणी करावीच लागते, साध्या स्टॅम्पपेपरवर तोंडी विश्वासाने करू नका, पुढच्या पिढीत भांडणं होतात. पट्टा घ्यायला कोणीतरी कायदेशीर हवं म्हणून आधी न्यास (ट्रस्ट), महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी. विश्वस्तांत मालकांपैकी एक जण ठेवा. पुढची बाजू, म्हणजे रस्त्याकडची पडवी, दोन गाळे म्हणून भाड्याने देता येईल का बघा, ते भाडं सरळ भावांना. म्हणजे परळच्या साहेबांच्या प्रश्नाला थोडं तरी उत्तर मिळतं. नगरपंचायतीच्या विकास आराखड्यात वारसा यादी असते, पण मालकांच्या मनाविरुद्ध नाव घातलंत तर कोल्हापूरसारखं कोर्टात जाल. आधी संमती.

चाकरमानी_परळ
गाळ्यांची कल्पना पटली. हे कागदावर आकड्यांसकट मांडा, मी हिशेब करून देतो, बँकेत होतो तीस वर्षं. ते दोघे भाऊ मुंबईत कुठे असतात? मे पर्यंत थांबायचं कशाला, मी जाऊन भेटतो.

आबोली
मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते. पण हे वाचून राहवलं नाही. त्या टॉकीजमध्ये डाव्या बाजूला बायकांची जागा होती, मधे लाकडी कठडा आणि वेगळं दार, जे विहिरीकडे उघडायचं. सुरंगी, ते दार आहे का अजून? आईने मला 'श्यामची आई' तिथे दाखवला. १९५३ चा सिनेमा पण आमच्या गावात तो परत परत यायचा, कारण पालगड आपल्याच बाजूचं, साने गुरुजी आपले वाटायचे. आई शाळेत गेली नव्हती. घरी येताना ती एक शब्द बोलली नाही, कंदील माझ्या हातात होता, आणि पाणंदीत मधेच थांबून म्हणाली, तुला मॅट्रिक करायचं. बस एवढंच. मी मॅट्रिक झाले, मग डी.एड. झाले, छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. माझ्या सगळ्या आयुष्याचं दार ते विहिरीकडचं दार आहे असं मला वाटतं.

संग्रहालयात मशीन ठेवाल, स्लाइड ठेवाल, पण आमच्यासारख्या बायका आता किती राहिल्या. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून घ्या आमचे. माझ्या ओळखीतल्या पाच जणी आहेत, सगळ्या सत्तरीच्या पुढे, एकीला आता कमी ऐकू येतं पण आठवण लख्ख आहे.

पंचगंगा_काठी
आबोली ताई, तुम्ही हे लिहिलंत म्हणून खूप बरं वाटलं. रेकॉर्डिंगला मी येते, माझ्याकडे चांगला माइक आहे.

सुरंगी
ताई, दार आहे. काल खास जाऊन बघितलं. आतून फळ्या ठोकल्यात पण चौकट शाबूत आहे, कठडा अर्धा राहिलाय. विहीर बुजवलेली नाही.

सगळ्यांना कळवायचं ते असं. गावातल्या मालक भावांशी काल बोलले, भाडेपट्टा आणि पुढचे दोन गाळे हे ऐकून ते पहिल्यांदा जरा मोकळे झाले, म्हणाले असं कोणी आधी सांगितलंच नव्हतं, सगळे नुसते 'विकू नका' म्हणायचे. कौलं बदलायला त्यांनी हो म्हटलंय, लेखी पण देतो म्हणाले. जांभा यांनी सांगितल्याप्रमाणे पाडलेल्या घराची कौलं शेजारच्या वाडीत मिळाली, तीनशेच्या आसपास, त्यांनी पैसे घेतले नाहीत. डब्यांचे फोटो रीळ यांना पाठवलेत, दोन डब्यांना आंबूस वास आहे ते वेगळे काढले. डीसीआर रजिस्टर मी रात्री बसून स्कॅन करतेय, एकेक पान, त्यात पावसाळ्यातल्या एका खेळाची नोंद आहे, फक्त सात तिकिटं, तरी खेळ झाला.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता जमायचं, कौलं चढवायला. मोठी शिडी आहे, अजून एक हवी. दोरखंड, हातमोजे, तोंडाला बांधायला फडकी ज्याची त्याने आणा, आत वटवाघळं आहेत. जेवण माझ्याकडे. वालाची उसळ आणि भात करते, मासे खाणाऱ्यांसाठी बांगडे.

जांभा
शिडी मी आणतो, २० फुटी. कौलांवर फळी टाकूनच पाय ठेवायचा, सरळ कौलावर कोणी उभं राहू नये. आणि कैचीचं टोक मी बघेपर्यंत त्या कोपऱ्यात वजन टाकू नका.

केबिनवाल्याचा_नातू
आजोबा येतायत. त्यांनी पेटीतून काहीतरी काढून पिशवीत भरलंय, दाखवत नव्हते. मघाशी दाखवलं. कार्बनच्या कांड्या आहेत, तांब्याचा मुलामा असलेल्या, अकरा. शेवटचा खेळ झाला त्या रात्री उरलेल्या घरी आणल्या होत्या म्हणाले. "रविवारी वर नेवन ठेवतंय, थयच्या थय."

आबोली
मी पण येईन. कौलं उचलता येणार नाहीत, पण त्या दाराच्या फळ्या काढाल तेव्हा मला तिथे असायचंय.